अकोटच्या चौकटीवरचं नाव

अमरावतीला उतरलो तेव्हा स्टेशनाबाहेरच्या ऑटोंवर कोवळं ऊन पडलं होतं. ठाण्याहून मी एकाच कामासाठी आलो होतो, वडिलांचा मेझुझा परत न्यायला.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी यहुदी. मेझुझा म्हणजे दाराच्या चौकटीवर लावलेली बोटभर नळी. आत चामड्याच्या पट्टीवर शास्त्रातली वचनं असतात आणि त्यांत देवाचं ते नाव, जे आम्ही तोंडाने उच्चारत नाही. वडील अकोटला सरकी काढायच्या कारखान्यात मिस्त्री होते. तिथलं भाड्याचं घर सोडताना मेझुझा काढायला हवा होता. पण घरमालकीणबाई "राहू द्या" म्हणाल्या आणि वडिलांना त्यांचा शब्द मोडवेना. आता ऐंशी ओलांडल्यावर त्यांना एकच धास्ती आहे, ते नाव कुठे घाणीत तर पडलं नसेल?

मला तशी धास्ती वाटत नाही. हेच माझं दुखणं. शनिवारचा शब्बाथ पाळतो, प्रार्थना म्हणतो. पण जळत्या झुडुपातून देव बोलला तेव्हा आमच्या मोशे प्रेषिताने भीतीने तोंड झाकलं, तसं झाकावंसं मला कधी वाटलेलं नाही. वाटावं, एवढीच इच्छा आहे.

दर्यापूरला एसटी थांबली. आलुबोंडा घेतला आणि तर्री (तिखट, तेलकट रस्सा) शर्टावर सांडली.

"सायेब, शर्टानं बी नाश्ता केला!" कंडक्टर म्हणाला. सगळी बस हसली, मीही हसलो. पण या कामासाठी मुद्दाम धुतलेला शर्ट घातला होता. पुढे अकोटपर्यंत काळ्या रानात कापूस फुटला होता. मी डागावर हात ठेवून बसलो होतो.

काकूंनी, म्हणजे त्याच घरमालकीणबाईंनी, मला ओळखलं. "मिस्त्रीचा पोरगा ना तू? किती वाळला रे! बायको जेवू घालत नाही काय?"

घर आता सिमेंटचं झालंय, पण सागवानी चौकट जुनीच. नळीही जागेवर होती, चौकटीबरोबर हिरव्या रंगात रंगलेली. सुनेने वांग्याची भाजी आणि रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) वाढले. जेवण झाल्यावर मी चाचरत विचारलं, "काढून नेऊ का, काकू?"

"ने ना. तुह्या बापाचंच हाय. पन त्यात हाय तरी काय?"

"देवाचं नाव. आम्ही ते घेत नाही."

"घेतच नाही? मंग त्याले हाक कशी मारता?"

"प्रभू म्हणतो."

सून सासूकडे बघून खुदकन हसली. "आत्याबाई बी तशाच. मामाजीचं, आपल्या नवऱ्याचं नाव कदी घेतलं नाही. राशनवाला नाव विचारे, तं ह्या माह्याकडं पायत."

"कावून घेऊ?" काकू म्हणाल्या. "इथंच, समोर बसून राहत होते. समोरच्या मानसाचं काय नाव घ्याचं?" मग आवाज उतरला. "ते गेल्यावर घेतलं एकडाव. घरात कोनी नव्हतं. घेतलं, तवा समजलं का आता समोर कोनीच नाही."

सून हसायची थांबली. मी स्क्रू सोडवले, नळी रुमालात गुंडाळली आणि पाया पडून निघालो.

अकोल्याहून गाडी मिळाली. खिडकीशी बसून मी काकूंचंच बोलणं घोळवत होतो. नाव तर मीही घेत नाही. पण मला ते लहानपणी शिकवलं, म्हणून घेत नाही. माझ्यासमोर कोणी बसलेलं नसतं.

घरी पोचलो तेव्हा वडील चहा पीत होते. "हिरवा?" म्हणून हसले. भरलेली कपबशी त्यांनी एका हाताने खाली ठेवली. थेंबही सांडला नाही. उठून हात धुऊन आले. नळी घेतली, आणि दोन्ही हात थरथरायला लागले. ही वयाची थरथर नव्हती.

"तू धर," ते म्हणाले.

मी धरली. माझे हात स्थिर होते. तेही थरथरतील, या आशेने मी बराच वेळ तसाच उभा राहिलो.