हात थांबला तेव्हा

आईचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा तिनं सगळ्यांत आधी बस्तीत जाणं सोडलं. बस्ती म्हणजे आमच्या गावातलं जैन मंदिर. गाव सांगलीपासून जवळच, नदीकाठी. देवापुढं पाटावर तांदळाचं स्वस्तिक काढताना तिच्या हातून दाणे सांडायचे आणि शेजारच्या बायका बघून न बघितल्यासारखं करायच्या. ते तिला सोसलं नाही.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. नेहमीच्या औषधासोबत थरथरीसाठी एक लहान पांढरी गोळी दिली. मी शाळेतल्या नोकरीनिमित्त साताऱ्याला. पुढच्या खेपेला घरी आले, तर आई चुलीपुढं भाकरी थापत होती. हात अगदी स्थिर.

"बघ की," एवढंच म्हणाली.

संध्याकाळच्या आत आम्ही दोघी बस्तीत जाऊन आलो. येताना मला तिच्या मागून भराभर चालावं लागलं.

मग तिचं तोंड कोरडं पडायला लागलं. जीभ टाळूला चिकटायची, घास उतरायचा नाही, पोट साफ व्हायचं नाही. त्यात मावळतीनंतर पाणी न पिण्याचा तिचा नेम. ऐन उन्हाळ्यात ओठांची सालं निघालेली, आणि ही बाहेरच्या कट्ट्यावर बसलेली.

"आजारपणात चालतं गं आई, घोटभर घे."

"चालत आसंल. मला न्हाई चालत."

दिवाळीला गेले, तेव्हा तिनं मला दारातच थांबवलं. "आवं, कुठनं आलासा? बसा, सून पानी दील."

"आई, अगं मी."

ती संकोचून हसली. परक्या बाईकडं बघून हसावं, तशी. नंतर दिवसभर सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, कुणी बायका येऊन बसल्यात म्हणत होती. त्यांना चहा दिला नाही म्हणून भावजयीवर चिडली. सोपा रिकामाच होता.

भाऊ म्हणाला, "वयच झालं आक्का तिचं. आता असंच चालायचं."

मला ते पटेना. मी तिला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी सगळी औषधं टेबलावर काढायला लावली आणि ती पांढरी गोळी बाजूला सारली.

"शरीरात निरोप पोचवणारं एक रसायन असतं. ही गोळी ते अडवते, म्हणून हात थांबतो. पण लाळ, आतडी, आठवण यांनाही तेच रसायन लागतं. तरुण माणसाला ही गोळी पुष्कळदा सोसते, या वयात डोकं गोंधळतं. मात्र एकदम बंद करू नका. मी सांगते तशी हळूहळू कमी करू."

गोळी कमी होत गेली, तशा सोप्यातल्या बायका गेल्या. तोंडाला ओल आली. एका सकाळी फोनवर आईनं मला नावानं हाक मारली आणि मी शाळेच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या रडले.

पण हातही परत थरथरायला लागला, पहिल्यापेक्षा जास्त. नेहमीचं औषध वाढवून बघितलं, फार फरक पडला नाही. वाटी तोंडापर्यंत जाईना. भावजय तिला घास भरवायला लागली.

मी गेले होते तेव्हाची गोष्ट. भावजय आत गेल्यावर आई हळूच म्हणाली, "ती बारकी गोळी परत दे की गं मला."

"अगं, तू मला ओळखत नव्हतीस."

"तुला वाईट वाटलं आसंल. मला कुठं म्हाईत हुतं?" तिनं थरथरता हात दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. "आता समदं कळतंय. सून तोंड पुसती, ते बी कळतंय."

मी डॉक्टरीणबाईंना पुन्हा विचारलं. त्या नाही म्हणाल्या. डोकं परत गोंधळलं तर ती कुठंतरी पडेल, म्हणाल्या. मी तसं आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

आता ती सगळ्यांना ओळखते. गावातलं कुणी भेटायला आलं, की हात पदराखाली घेते आणि ते जाईपर्यंत बाहेर काढत नाही.