सोलापुरात काढलेला विमानतळ

आमच्या ऑफिसात ड्रॉइंगचे रोल ठेवायला लोखंडी कपाट आहे. किश्श्यांना मात्र काही कपाट नाही. ते साठत जातात आणि कुणी नुसतं "काय चाललंय सध्या?" विचारलं, की घरंगळत बाहेर येतात. तुम्ही विचारलंत, आता ऐका!

सोलापुरात एका दवाखान्याच्या वर आमचं सहा जणांचं आर्किटेक्टचं ऑफिस. बंगले, शाळा, मंगल कार्यालयं काढणारे आम्ही. एके दिवशी आमचे बिराजदार सर फोन ठेवून खुर्चीवरून ताडकन उठले. "मुंबईच्या फर्मकडून काम आलंय! परदेशातलं इंटरनॅशनल टर्मिनल! आतली सगळी ड्रॉइंग्ज आपण करायची!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. मग सरांनी विचारलं, "विमानात कोण कोण बसलंय?"

एकच हात वर गेला. सरांचा स्वतःचा.

*

मी मोडनिंबची. सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांना लॅपटॉपवर प्लॅन दाखवला. मोठ्या उत्साहाने सांगितलं, "दादा, ह्याला सत्तेचाळीस गेट आहेत!"

दादा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आपल्या बाजाराच्या आवाराला दोन हायती, त्यातलं एकच उघडतंय. सत्तेचाळीस वॉचमन आणनार कुटनं?"

*

श्रीनिवास आमचा ड्राफ्ट्समन. घरी पिढ्यान् पिढ्या माग, बोलणं तेलुगूत, आणि कॉम्प्युटरवर हात असा चालतो की बघत राहावं. त्याच दिवसांत तो मुलगी बघायला गेला. आईने आधीच सांगून ठेवलेलं, "मुलगा एअरपोर्टचं काम करतो." मुलीचे वडील भलतेच खूश.

"मग आतापर्यंत कितीदा विमानात बसलात?"

"एकदाही नाही."

"अहो, मग एअरपोर्ट कसा काय काढता?"

श्रीनिवास शांतपणे म्हणाला, "काका, प्रसूतिगृहपण मीच काढलंय."

आतल्या खोलीतून खळखळून हसण्याचा आवाज आला. त्या आवाजाचा नंबर आता श्रीनिवासच्या मोबाइलमध्ये 'घर' म्हणून सेव्ह आहे!

*

सर म्हणायचे, "कागदावर चालू नका, पायांनी चाला." म्हणून एका रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर आम्ही टर्मिनलचा एक भाग खऱ्या मापात आखला. चुन्याच्या फक्कीने भिंती, दोऱ्या बांधून सिक्युरिटीची रांग, आणि टोकाला गेट म्हणून क्रिकेटचे स्टंप. प्रवासी म्हणून सगळ्यांच्या घरची माणसं. सरांची आई, अव्वा, अक्कलकोटहून मुद्दाम आलेली. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या.

सर घड्याळ लावून उभे. सगळे निघाले. अव्वा सिक्युरिटी पार करून निम्म्या वाटेवर पोचली आणि पिशव्या ठेवून मैदानातच बसली!

सर ओरडले, "अव्वा, ऊठ! विमान सुटेल!"

"सुटू दे! आर्धा मैल चालवतायसा. मधी एक बाकडं तरी ठेवायचं की रं! म्हातारी माणसं काय उडत जानार हायती का गेटापर्यंत?"

मी प्लॅन उघडला. खरंच, मधल्या पूर्ण पट्ट्यात बसायला एकही जागा नव्हती! इतक्या लोकांनी तो प्लॅन तपासला होता, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आम्ही तिथे बाकांचे तीन कोनाडे घालून पाठवले. मूळ आर्किटेक्ट मार्टिनने कॉलवर विचारलं, "हे फार उत्तम झालं. तुमचा कन्सल्टंट कोण?"

सर म्हणाले, "आता ती परत अक्कलकोटला गेली."

*

मोठ्या टर्मिनलमध्ये स्वच्छतागृहाच्या तोंडाशी दार नसतं. दोन्ही हातांत सामान असलेला माणूस दार उघडणार कसा? म्हणून वळणाची भिंत घालतात, आडोसा आपोआप होतो. श्रीनिवासने सवयीने सगळीकडे दारं लावली. तिकडून शेरा आला, 'टॉयलेटची दारं काढा.'

दुसऱ्या दिवशी कॉलवर मार्टिन थ्रीडी मॉडेलमधून सगळ्यांना फिरवत होता. लाउंज झालं, दुकानं झाली, तो स्वच्छतागृहात वळला. समोर अकरा कमोड, ओळीने, आणि एकालाही दार नाही!

मी श्रीनिवासकडे पाहिलं. तो पुटपुटला, "दारं काढा म्हणाले, काढली की."

तिकडून मार्टिनचा आवाज आला, "टर्मिनल मोकळंढाकळं वाटलं पाहिजे, असं मीच म्हणालो होतो. पण इतकं नको!"

*

टर्मिनलचं लाकडाचं आणि अॅक्रिलिकचं मॉडेल महिनोन् महिने खपून बनवलं आमच्या रफीकभाईंनी, आतल्या वाटा-दुकानांसकट. पन्नाशीचे, मूळचे फर्निचरवाले. बोटं अशी की काडीपेटीच्या काडीतून खुर्ची काढतील! मुंबईला प्रेझेंटेशन होतं, म्हणून मॉडेल गाद्यांवर ठेवून, चादरींनी झाकून आम्ही टेम्पोने निघालो. मोडनिंबच्या पुढे पोलिसांनी थांबवलं.

"चादरीखाली काय हाय?"

रफीकभाई अदबीने म्हणाले, "साहेब, विमानतळ."

"कुटं घेऊन चाललाय?"

"मुंबईला."

हवालदारसाहेबांनी एकदा टेम्पोकडे, एकदा आमच्याकडे बघितलं. "का? त्यांच्याकडं न्हाई व्हय?"

*

टर्मिनल सुरू झालं आणि मार्टिनने आमच्यातल्या तिघांना बोलावलं. सर, मी आणि रफीकभाई. विमानातून उतरून आत शिरलो आणि माझे पायच थबकले. केवढं ते छत! त्याच्या फटींतून उन्हाचे पट्टे थेट जमिनीवर उतरलेले. वर्षभर स्क्रीनवर पाहिलेल्या रेघा, आणि त्यांच्याखालून खरी माणसं बॅगा ओढत चाललेली! सर तर चष्मा काढून पुसायलाच लागले.

तेवढ्यात कानावर मराठी आली. नऊवारीतली एक मावशी आणि टोपीवाले काका, वेळापूरचे. लेकाकडे निघालेले, इथे विमान बदलायचं होतं. मावशीने रफीकभाईंपुढे बोर्डिंग पास धरला. "आवो, दोनदा फिरून हितंच आलो. कुनाला इचारावं, बोली कळंना!"

रफीकभाईंनी पास बघितला. गेट बंद व्हायला बारा मिनिटं!

"चला मावशी!" त्यांनी पिशवी उचलली आणि सुटले. पुस्तकांच्या दुकानामागून उतारावर, तिथून डावीकडे, लिफ्ट सोडून पलीकडच्या अरुंद बोळातून. मी मागून धापा टाकत ओरडतेय, "रफीकभाई, बोर्ड तर बघा!" एकाही बोर्डाकडे त्यांनी मान वळवली नाही.

गेटवरची बाई दोरी लावतच होती. तिने मावशीकडे बघितलं आणि दोरी परत सोडली.

काका आत जाता जाता वळले. रफीकभाईंचा हात धरून म्हणाले, "लई वर्सं झाली वाटतं तुमाला हितं?"

"नाही काका. आत्ताच आलो, तुमच्यासारखाच. पयल्यांदा."

"मग वाट कशी गावली?"

रफीकभाईंनी हळूच छताकडे बोट दाखवलं.

"पाच महिने वरनं बघत होतो."