तारली इनटेकमध्ये शिरली तेव्हा

सकाळी साडेसातला मी इनटेकवर पोहोचलो तेव्हा चारही स्क्रीनचे अलार्म वाजत होते. आमचा ऑपरेटर बिजू, मूळचा केरळचा, होजपाइपने जाळी धूत होता. जाळीवर चांदीसारखी चमकणारी तारली, बोटाएवढी बारकी मासळी, चिकटली होती. हजारोंनी.

सौदीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्या प्लांटमध्ये समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी बनतं. समुद्राचं पाणी जिथून आत घेतात ते इनटेक. मी तिथला सुपरवायझर. पंपाकडे जाण्याआधी पाणी मोठ्या फिरत्या जाळ्यांमधून गाळलं जातं, त्यांना स्क्रीन म्हणतात. जाळी तुंबली की पंपाला पाणी कमी पडतं आणि तो ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. सगळे पंप ट्रिप झाले, तर शहराकडे जाणारं पाणी थांबतं.

"मुकादमभाई, जितना धोता हूँ उतना और आ रहा है," बिजू म्हणाला.

मी धक्क्यावर जाऊन बाहेर पाहिलं. पाणकावळे सारखे बुड्या मारत होते. त्यांच्यापलीकडे सुरमई उसळत होती. माझे वडील दाभोळच्या खाडीत मासेमारी करायचे, त्यामुळे हे दृश्य मला नवीन नव्हतं. मागे सुरमई, वर पाणकावळे, आणि मधली तारली जीव वाचवायला इनटेकच्या तोंडाशी आलेली.

प्लांट मॅनेजर खालिद आले. तरुण, हुशार सौदी इंजिनिअर.

"क्लोरीनचा डोस वाढवा," ते म्हणाले. "मासे मरतील, विषय खलास."

"सर, जिवंत मासा प्रवाहाविरुद्ध पोहतो. मेलेला थेट जाळीवर येतो. आत्ता बाहेर जेवढी आहे तेवढी सगळी तारली आपल्या स्क्रीनवर येईल."

त्यांनी जाळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग काय करायचं?"

"एक पंप बंद करा."

"मी शटडाउन टाळायला आलोय आणि तुम्ही मला पंप बंद करायला सांगताय?"

मी समजावलं. आमच्याकडे सहा स्क्रीन होत्या, पण दोन मेंटेनन्ससाठी बंद. काम होऊन आठवडा झाला होता, परमिटवर सही राहिली होती. त्यामुळे सहा दारांतून यायचं पाणी चारांतून येत होतं, तेही दीडपट वेगाने. एवढ्याशा माशाला त्या ओढीविरुद्ध पोहणं जमत नव्हतं. एक पंप बंद केला की ओढ लगेच कमी होईल. तेवढ्यात त्या दोन स्क्रीन चालू करता येतील.

"टाक्यांमध्ये दोन-अडीच तासांचं पाणी आहे," खालिद म्हणाले. "त्याच्या आत पंप परत चालू झाला नाही, तर उत्तर मला द्यावं लागेल. आणि मला तुम्ही."

"देईन."

पंप बंद झाला. परमिटवर सही घ्यायला मी स्वतः ऑफिसात धावलो. छप्पन्नाव्या वर्षी. बिजूने तोवर दुसरं काम केलं. स्क्रीनच्या मागे मासे परत समुद्रात सोडायची एक पन्हळ होती. साफसफाई सोपी जावी म्हणून कोणीतरी तिला प्लायवूड लावून ते मासे कचऱ्याच्या पिंपात वळवले होते. बिजूने प्लायवूड उखडलं आणि जाळीवरचे मासे पन्हळीत ढकलणाऱ्या स्प्रेचं प्रेशर, ते जिवंत राहावेत म्हणून, कमी केलं.

ती पन्हळ बसवायला सांगितली होती इंग्रिडने. ती नॉर्वेहून सल्लागार म्हणून आली होती. तेव्हा मी तिला विचारलं होतं, एवढ्याशा माशांसाठी एवढा खटाटोप कशाला? ती म्हणाली, "आमच्या उत्तरेच्या समुद्रात कॅपेलिन नावाचा असाच बारका मासा आहे. तो पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव खातो आणि त्याला बाकी सगळे खातात. कॉड, देवमासे, पक्षी. एखाद्या साली कॅपेलिन कमी पडला की पक्ष्यांची पिल्लं घरट्यात उपाशी मरतात. कॉड स्वतःचीच पोरं खायला लागतो." मी मान डोलावली होती आणि विसरून गेलो होतो.

नऊच्या सुमारास सहाही स्क्रीन फिरू लागल्या. अलार्म एकेक करून थांबले. बिजू पन्हळीच्या टोकाशी वाकून बसला होता.

"जा रहा है, मुकादमभाई. ज़िंदा जा रहा है."

सगळी नाही. बरीच मेली होती, ती पाण्यावर उलटी तरंगत गेली आणि पाणकावळ्यांनी उचलली. पण बाकीची शेपटी मारून खाली गेली. दहाच्या आत बंद पंप चालू झाला. शहरात कोणाला काही कळलं नाही.

दुपारी खालिद पन्हळ बघायला आले. "माझे आजोबाही मासेमारी करायचे," एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी प्रोसिजर बदलून घेतली: मासे आले की आधी पाण्याचा वेग कमी करायचा, मग बाकीचं.

पुढच्या हिवाळ्यात तारली पुन्हा आली. डीपी, म्हणजे जाळीच्या दोन बाजूंच्या पाण्याच्या दाबातला फरक, थोडा वाढला आणि खाली आला. लॉगबुकात मी एकच ओळ लिहिली, आणि नव्या इंजिनिअरांना मी अजून तेच सांगतो: समुद्रातून पाणी घ्यायचं असेल, तर त्यात मासे असणार हे डिझाइन करतानाच धरून चालावं.