फटी कमी पडलेलं घर

आमच्या गल्लीत त्याला सगळे झुळूक म्हणतात. खरं नाव मतदार यादीत असेल. कुणाच्याही घरात शिरला की हा माणूस आधी खिडकीपाशी जातो, मग माणसांकडे बघतो. खिशात विणकामाची एक सुई असते, टोकाला रेशमी दोऱ्याची बट बांधलेली. ती चौकटीच्या कडेकडेने फिरवायची. दोरा हलला की तिथे फट. "इथनं येतेय बघा झुळूक!" हे तो इतक्या आनंदाने सांगतो, की घरमालकाला वाटावं आपल्याकडे काहीतरी चांगलंच निघालं.

धंदाच त्याचा तो. घराची गळती थांबवणं; पाण्याची नव्हे, हवेची. दाराखाली रबरी पट्टी, खिडकीच्या कडेला सीलंट, भिंतीतल्या नळाभोवती फोम, छताखाली लोकरीसारखं जाड अस्तर. सव्वीस वर्षं हेच करतोय. फट दिसली आणि तशीच सोडून आला, असं कधी झालं नाही. एकदा छातीत दुखतं म्हणून डॉक्टरकडे गेला, तर डॉक्टरचीच खिडकी बंद करून आला आणि छातीचं सांगायचं विसरला.

हाच गुण नडला.

त्याची मोठी बहीण, अक्का, माझी शेजारीण. आमची एक भिंत सामाईक आहे. वय चौऱ्याहत्तर, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. खालच्या खोलीत खिडकीशी तिचं शिवणयंत्र, वर पत्र्याखाली निजायची खोली. पत्र्याला आतून काही नाही. खाली हीटर लावला की ऊब जिन्याने वर जाते आणि पत्र्यातून आकाशाला. गेल्या थंडीत अक्काला न्यूमोनिया झाला, अकरा दिवस दवाखान्यात होती. तेव्हाच मुलीने बजावलं, "पुढच्या थंडीच्या आत छताचं काम झालं तर ठीक. नाहीतर तू माझ्याकडे येतेस, आणि या घराला कुलूप."

मुलगी प्रेमानेच म्हणाली. पण तिचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर. पँटची उंची कमी करून घ्यायला तिथे कोण चढणार? अक्काचं शिवण गेलं तर अक्कात उरतं काय, हे आम्ही दोघी जाणून होतो.

अस्तराचा खर्च अक्काला झेपणारा नव्हता, झुळूकलाही नाही. पण सरकारची योजना होती. साठीच्या पुढची, बेताच्या उत्पन्नाची माणसं. घराच्या फटी बुजवून, छताला अस्तर घालून मिळणार, फुकट. अर्ज चौदा पानी. झुळूक म्हणाला, "बाई, फॉर्म तुम्ही बघा. मला फक्त शिडी कुठे लावायची ते सांगा." मी भरला. प्रत्येक खिडकीची दिशा विचारली होती, तीही लिहिली. सात आठवड्यांनी पाहणीची तारीख आली.

आता गंमत अशी, की झुळूकने या योजनेतली चाळीसेक घरं ठेकेदारासाठी केली होती. पण तो जायचा ते मंजुरीनंतर. मंजुरीआधी काय होतं, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. पाहणीला पंधरा दिवस असताना तो रविवारी अक्काकडे जेवायला आला. बाहेर वारा सुटलेला. सवयीने सुई काढली, तर दोरा नुसता नाचायला लागला. गडी हात धुवून कामालाच लागला. संध्याकाळपर्यंत खालच्या आणि वरच्या मिळून सहा खिडक्या आणि दोन दारं घट्ट. अक्का खूश. चौदा पानं वाचलेली मीसुद्धा "वा, वा" म्हणाले. माझी डिग्री त्या दिवशी कुठे चरायला गेली होती, कोण जाणे.

पाहणीला आलेली मुलगी नीटनेटकी होती, बोलायला गोड. तिने दारात लाल कापडाची चौकट बसवली, चौकटीत पंखा. पंखा घरातली हवा बाहेर खेचतो आणि फटींतून किती हवा आत येते ते यंत्र मोजतं. आकडा आला. तो पाहून झुळूकची छाती फुगली. "काय घट्ट बसलंय! डबाच झालाय घराचा!"

"हो ना," मुलगी म्हणाली. "गळती फारच कमी आहे. अपात्र."

"अहो, पण छत?" मी म्हटलं. "वर जाऊन बघा. नुसता पत्रा आहे."

"बघितला मी, आजी. पण गळतीचा आकडा पास झाल्याशिवाय छताचा रकाना उघडतच नाही." तिने टॅब माझ्यासमोर धरला. खरंच उघडत नव्हता.

झुळूकचं तोंड असं झालं, की मला त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कार्यालयात गेलो. खिडकीआडच्या कारकुनाने फाइल पाहून जांभई दिली. "पट्ट्या काढून टाका आजी, आणि फेरतपासणी मागा."

"मी तुमची आजी नाही. आणि म्हणजे काय, आधी घर बिघडवायचं, मग सरकार दुरुस्त करणार?"

"बिघडवा असं मी म्हटलेलं नाही. पात्र व्हा म्हटलं."

"साहेब, चूक माझी आहे," झुळूक म्हणाला. "दंड करा. पण तिचं छत..."

"दंडाची तरतूद नाही," कारकून म्हणाला, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

शेवटी त्याने पट्ट्या काढल्या. पटाशीने सीलंटही खरवडलं. अक्का म्हणाली, "अरे, दात काढून घेतल्यासारखं तोंड काय करतोस?" तो म्हणाला, "तुझ्या घरात वारा सोडतोय मी, अक्का."

फेरतपासणीला पाच आठवडे लागले. तोवर थंडी दाराशी येऊन ठेपली. अक्का बोटं कापलेले हातमोजे घालून काजं करायची. मी रोज गरम पाण्याची पिशवी पोचवत होते आणि येताजाता कार्यालयाला शिव्या देत होते. शेवटी तीच मुलगी, तोच पंखा. "अभिनंदन, भरपूर गळतंय!"

आठ दिवसांनी मंजुरीचं पत्र आलं. कामाची तारीख अकरा आठवड्यांनंतरची, म्हणजे थंडी संपल्यावर. खाली बारीक अक्षरांत: कामाच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासणी होईल, तोपर्यंत घरात कोणताही बदल करू नये.

रविवारी अक्काची मुलगी रिकामी बॅग घेऊन आली. "आई, आता वाद नको. कपडे भर."

अक्का यंत्रावरून उठली नाही. भावाला म्हणाली, "पट्ट्या आणल्यास?"

"टेम्पोत आहेत. पण अक्का, लावल्या तर छत गेलं समज. परत पहिल्यापासून सगळं."

"मार्चमधलं छत मी डिसेंबरात पांघरू का?"

"आणि मामा, पट्ट्यांनी काय होणार?" भाची चिडली. "ऊब सगळी वर जाते, तूच सांगतोस ना?"

बरोबर होतं तिचं. झुळूक जिन्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जिना बंद करतो. प्लायवूड ठोकून, वर अस्तर. खाली एक खोली राहील, पण गरम राहील."

"म्हणजे वरची खोली गेलीच," मुलगी म्हणाली.

"गेली तर गेली," अक्का म्हणाली. "माझी गादी आणि कापडांची ट्रंक तेवढी खाली आणा."

मुलीने बॅग खाली टाकली, आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एकदा जरी खोकलीस ना आई, उचलून नेईन." आणि गादीचं दुसरं टोक धरायला वर गेली. दुपारभर ठोकाठोक चालली. पाच वाजता झुळूकने सुई फिरवली, दोरा हलला नाही. या वेळी त्याची छाती फुगली नाही. बहिणीचं घर अर्धं केलं होतं त्याने.

कार्यालयाला मी कळवलं, कारण खोटं बोलून छत मिळवणं अक्काला मान्य नव्हतं. त्यांचं उत्तर चार ओळींचं होतं. लाभार्थीने स्वेच्छेने माघार घेतल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे.

अक्काने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "स्वेच्छेने" या शब्दावर बोट ठेवून मला विचारलं, "ही कुणाची इच्छा हो?"

मी कार्यालयाला उत्तर लिहायला बसले आहे. तिसरं पान चालू आहे.