हरलेल्या उमेदवाराचं राज्य

आम्ही शारजात राहतो आणि इथे राजकारणावर बोलत नाही. इथल्या राजकारणाचा प्रश्नच येत नाही, आणि भारतातलं काढलं की चर्चमधली मिस्सा ऐकून आलेली भली माणसं चहा संपायच्या आत एकमेकांवर डोळे वटारतात. उरली अमेरिका. अमेरिकेबद्दल काहीही बोला, कुणाच्या पोटात दुखत नाही, अशी आम्हा वसईकरांची समजूत. शुक्रवारची मिस्सा सुटली की चर्चबाहेर इथल्या कडक 'करक' चहाचे कागदी कप घेऊन आम्ही चार-पाच जण तिकडची निवडणूक पुन्हा लढवायचो.

मी त्यात पटाईत. हरलेल्या उमेदवाराला मी जिंकवून टाकलं होतं आणि त्याचं राज्य दर शुक्रवारी थोडं थोडं चालवत होतो. मंत्रिमंडळ मीच बसवलं. एक युद्ध होऊच दिलं नाही, दुसरं आठवड्यात मिटवलं. खरा जिंकलेला मात्र माझ्या इतिहासात दारोदार फिरत होता, त्याची मी पार दशा करून टाकली होती. उम्म अल कुवैनच्या कारखान्यात, स्टोअरमध्ये, दिवसभर नट-बोल्ट मोजणाऱ्या माणसाचं एरवी कोण ऐकतं? इथे ऐकायचे. माझ्या डोक्यात हवा गेली.

हे इंग्रजीत यायला हवं, असं मला वाटू लागलं. माझं इंग्रजी स्टोअरपुरतं. मुलगी बारावीत होती, तिचं इंग्रजी फर्डं. अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी सोफ्यावर बसून सांगायचो, ती टाइप करून स्वतःच्या अकाउंटवर टाकायची. खाली तुमचं नाव घालू का, असं तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "नको गं," मी म्हणालो, "कंपनीत कुणी वाचलं तर? तुझंच राहू दे." आणि चहावाल्या मित्रांना सांगितलं, फिरवा बिनधास्त. त्यांनी ते वसईपासून कॅनडापर्यंत फिरवलं.

मग तिला अमेरिकेतल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला, स्कॉलरशिपसकट. बायकोने चर्चमध्ये आभाराची मिस्सा सांगितली, मी ऑफिसात लाडू वाटले. व्हिसाचा फॉर्म भरताना मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"पप्पा, दे वॉन्ट माय अकाउंट पब्लिक. एव्हरीथिंग."

मला समजायला वेळ लागला. तिच्या नावावरचं माझं सगळं आता व्हिसावाले वाचणार होते.

"डिलीट मार. खलास."

"लोकांच्या फोनवर आहे ते सगळं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "आता पुसलंत तर लपवलं म्हणतील."

तिचं म्हणणं बरोबर होतं. राहू दिलं. दोन दिवस मी माझाच इतिहास परक्या माणसाच्या डोळ्यांनी वाचायचा प्रयत्न केला. चहासोबत जो विनोद वाटला होता, तो आता नुसता द्वेष वाटत होता, आणि प्रत्येक भागाच्या वर माझ्या मुलीचा हसरा फोटो होता.

अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीला ती एकटी आत गेली. मी पार्किंगमध्ये गाडीतच बसून होतो. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "दे विल इन्फॉर्म अस." पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला होता. आत काय झालं ते विचारायची माझी छाती झाली नाही.

आठवडे गेले, व्हिसा आला नाही. तिच्या मैत्रिणी एकेक करून आपापल्या कॉलेजांना गेल्या. भरलेली बॅग हॉलमध्ये होती, ती एके दिवशी बायकोने पलंगाखाली सरकवली. शुक्रवारी मित्र म्हणायचे, "इन्शाल्ला होईल रे," आणि घाईघाईने क्रिकेटवर यायचे. फिरवलेले मेसेज त्यांनी आपापल्या फोनवरून पुसले होते, हे मला नंतर कळलं.

तिचं तिकडचं कॉलेज सुरू झालं त्या दिवशी दुपारी जेवताना मी शेवटी विचारलं. "आत त्यांनी माझ्या त्या गोष्टींबद्दल काही विचारलं होतं?"

"दे आस्क्ड हू रोट इट."

"मग?"

"आय सेड मी."

"अगं, पप्पांनी लिहिलं म्हणायचं ना! खरं का नाही सांगितलंस?"

तिने माझ्याकडे पाहिलं, जरासुद्धा न रागावता.

"यू हॅव अ जॉब, पप्पा. आय ओन्ली हॅड ॲन ॲडमिशन."

ताट उचलून ती आत गेली. माझा घास हातातच होता, आणि बायको माझ्याकडे बघत नव्हती.