बसून वीज काढणारी माणसं

चार वीजवाले एकत्र बसले की चहा येईपर्यंत दोन किस्से होतात आणि चहा गार होईपर्यंत आणखी तीन. कारण सोपं आहे. मशीन नीट चालू असलं की आम्हाला काही काम नसतं, आणि रिकाम्या माणसाला किस्से चिकटतात. सत्तरच्या दशकात मी साताऱ्याकडच्या एका धरणाच्या पायथ्याशी, छोट्या वीजघरात ऑपरेटर होतो. सांगलीचे अण्णा आमचे फोरमन. माझ्या जोडीला जतकडचा बिरू. सैन्यातून आलेला, म्हणून त्याला सगळे फौजीच म्हणत. फौजीचं एकच दुखणं होतं. तिशी उलटली तरी लग्न जमत नव्हतं, आणि त्याची काळजी त्याच्यापेक्षा आम्हालाच जास्त!

*

मशीनवर लोड किती घ्यायचा याचे हुकूम वरच्या कंट्रोल रूममधून फोनवर यायचे. फौजी ते उभा राहून ऐकायचा आणि शेवटी ‘जी साब’ म्हणत सॅल्यूट ठोकायचा. तोही रिसीव्हर धरलेल्या हातानेच! रिसीव्हर दर वेळी कपाळावर आपटायचा.

वरून तक्रार आली, तुमच्या लाईनवर खटका वाजतो. मेकॅनिक आला, वायर बदलून गेला. पुन्हा तीच तक्रार. या वेळी मेकॅनिकने पिशवी उघडलीच नाही. फौजीचं एक बोलणं होईपर्यंत तो बघत बसला आणि उठता उठता म्हणाला, “लाईन ठीक हाय. फोन डाव्या हातात धरा.”

*

जनरेटरमधून गरम, कोरडी हवा बाहेर पडते. ऐन पावसाळ्यात अण्णांच्या मंडळींनी, म्हणजे आमच्या वहिनींनी, उडदाचे पापड तिथे वाळत घातले. नेमके त्याच दिवशी मोठे साहेब इन्स्पेक्शनला.

“हे काय आहे?” साहेबांनी विचारलं.

अण्णा थंडपणे म्हणाले, “हवेतला ओलावा तपासतोय साहेब. पापड वाकला तर हवा दमट, मोडला तर कोरडी.”

साहेबांनी एक मोडून बघितला, चव घेतली आणि समाधानाने मान डोलावली. मग पलीकडे बोट दाखवून म्हणाले, “दुसऱ्या मशीनला का नाही लावलेत?”

दुसऱ्या मशीनसाठीही पापड लाटावे लागले, तेव्हा वहिनी आठवडाभर अण्णांशी बोलल्या नाहीत.

*

मशीनमधून सुटलेलं पाणी चरातून नदीला जायचं. एकदा एका शेतकऱ्याची म्हैस त्या चरात जी बसली ती उठेचना. तो घामाघूम होऊन आत आला. “आवं अण्णा, मशीन जरा थांबवा की. पानी थांबल्याबिगर ती उठायची न्हाई.”

“मशीन बंद करायला वरनं परवानगी लागती, गड्या.”

तो घाम पुसत म्हणाला, “बघा म्हंजी. तुमच्या एवढ्या मोठ्या मशिनीला परवानगी लागती, आन् माजी म्हस कुनालाच इचारत न्हाई.”

*

त्या काळात अणुवीजही गावोगाव चर्चेत आली होती. शेजारच्या गुऱ्हाळवाल्याला अण्णा समजावत होते, की अणुभट्टीला मूठभर जळण पुरतं.

“आन् राख?” त्याने विचारलं.

“ती पुरून ठेवायची. पिढ्यान् पिढ्या राखण करायची.”

तो चुलवाणात चिपाडं सारत म्हणाला, “मग ऱ्हाऊ द्या. आमची राख शेतात टाकली की काम संपलं.”

*

आणि आता फौजीची सोयरीक.

जत तालुक्यातले मायाप्पा, मेंढरं राखून पाय झिजवलेला माणूस, आपल्या मुलीसाठी मुलगा बघायला थेट वीजघरातच आले. घोंगडी अंथरून दुपारभर बसले. फौजी खुर्चीत बसून मीटरचे काटे बघत होता. सगळं सुरळीत होतं, म्हणजे त्याला हलायचं कारणच नव्हतं. मायाप्पा उठले. “बसून खानाऱ्याला पोरगी देत न्हाई.”

फौजीचा चेहरा बघवत नव्हता. मुलगी तो आधीच बघून आला होता आणि ती त्याच्या मनात भरली होती. अण्णांनी हातापाया पडून मायाप्पांना पुन्हा एकदा यायला लावलं आणि आम्हाला बजावलं, “उद्या कुनी बसलेलं दिसता कामा न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी पुसलेलंच पुन्हा पुसत होतो. फौजी घट्ट असलेले नट घट्ट करत होता. अण्णा पॅनेलवरची धूळ इतक्या आवेशाने झटकायला लागले की कोपर थेट मशीन बंद करायच्या बटणावर बसलं!

मशीन बंद पडलं. हॉल काळाकुट्ट, भोंगा सुरू, फोन खणखणतोय. अण्णा पुतळ्यासारखे उभे. फौजी मात्र उडालाच. इकडे व्हॉल्व्ह, तिकडे ब्रेक, मध्येच फोन, वर जिना चढ, खाली उतर. शर्ट घामाने चिंब झाला. शेवटी मशीन पुन्हा गरगरलं आणि दिवे लागले.

मायाप्पा उठून उभे राहिले होते. फौजीला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाले, “पोरगं लय कामाचं हाय. तारीख धरा.”

लग्न थाटात झालं. पुढे मायाप्पांच्या गावातही वीज आली, आणि आली तशी दर दोन दिवसांनी जायलाही लागली. अंधार झाला की सगळं गाव वीजवाल्यांच्या नावाने शिव्या घालायचं. मायाप्पा तेवढे पारावर शांत तंबाखू मळत म्हणायचे, “बोंबलू नगासा. जावई कामाला लागलाय.”