औषध चालू आहे तोवर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलाजवळ नाही. तुम्ही आमच्या घरातले नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

आधी माझं सांगते. नव्वदनंतरची गोष्ट. आम्ही नालासोपाऱ्याला ब्लॉक घेतला होता, मी नोकरी करत होते. बाळंतपणाची रजा संपली, दूध आटत गेलं आणि माझा मुलगा पावडरच्या दुधावर वाढला. सासर वसईजवळच्या होळी गावात, भाजीची वाडी. सणाला गेलो की सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "हा आमचा डब्यातला नातू." बायका हसायच्या. मीही हसायचे — नाहीतर काय करणार?

धाकटी जाऊ भारती गावातच राहायची. तिला निशा झाली. दूध इतकं, की पदर ओला व्हायचा. सासूबाई माझ्याकडे बघत म्हणायच्या, "याला म्हनतात आई."

भारतीचा यात काय दोष होता? काहीच नाही. ती मला ताई म्हणायची. वाडीतली भेंडी निवडून माझ्या पिशवीत भरायची. हे मुद्दाम सांगते आहे.

निशा तीन महिन्यांची असताना भारतीला ताप भरला, लघवीला जळजळ. वसईच्या डॉक्टरांकडे मी तिला घेऊन गेले, कारण घरात शिकलेली मी. डॉक्टरांनी कडक गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "औषध चालू आहे तोवर अंगावर पाजू नका." भारती बाळाला घेऊन बाहेर पडल्यावर त्यांनी मला थांबवलं. "आठवड्याचाच प्रश्न आहे. दूध पिळून टाकायला सांगा, म्हणजे आटणार नाही."

गोळ्यांची पुडी माझ्या पर्समध्ये होती. परत येताना रिक्षात भारतीने विचारलं, "ताई, औषध म्हंजे वांग्यावर मारतात तेच ना? परवाच मी ह्यांचे फवारनीचे कपडे धुतले."

तिची चूक नव्हती. वाडीत फवारणीला औषध म्हणतात. आपण पोटात घेतो त्यांना नुसतं गोळ्या म्हणतात.

मी म्हटलं, "हो, तेच."

तिने मांडीवरच्या निशाचं दुपटं सारखं केलं. "पन ते तर बाराही महिने चालू असतं."

"मग बाराही महिने नाही पाजायचं."

पहिलं वाक्य तोंडातून निसटलं, असं एखाद वेळ म्हणता येईल. दुसरं? ते मी बोलण्याआधी मनात जुळवलं होतं. पिळून टाकायचं मी सांगितलंच नाही.

पावडरचा डबा मीच आणला. बाटली उकळायची कशी, तेही मीच दाखवलं. पण भर पावसाळा, विहिरीचं पाणी गढूळ, चुलीला लाकडं ओली — बाटली दर वेळी उकळली जात नव्हती. निशाला जुलाब लागले. डोळे खोल गेले, टाळू बसली. सलाइन लावावं लागलं. ती वाचली. त्या दिवसांत मी रजा टाकून दवाखान्यात बसले, आणि घरात माझं कौतुक झालं.

तोवर भारतीचं दूध गेलं होतं.

सासूबाईंनी मग मला डब्यावरून बोलणं सोडलं. आता त्या भारतीबद्दल बोलायच्या, "थोरलीला दूधच नव्हतं. हिच्या दुधात विष." मी ताटावर मान घालून जेवत असायचे. दिराने फवारणीचा पंप विहिरीपलीकडे नेऊन ठेवला, फवारणीचे कपडे स्वतः धुवायला लागला. आपणच पोरीला विष घातलं, असं त्यालाही वाटत होतं का? मी कधी विचारलं नाही.

पुढे एकदा पेपरात आलं, की फवारणीचा अंश आईच्या दुधात उतरतो. मी तो पेपर गावी नेला आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवला. खाली लिहिलं होतं, की तरीही आईचं दूध थांबवू नये, बाळाला तेच चांगलं. तेवढं वाचलं नाही. पेपर घडी घालून परत आणला.

दुसऱ्या खेपेला भारतीला मुलगा झाला. तिने त्याला छातीशी घेतलंच नाही. पान्हा फुटला तेव्हा जुन्या लुगड्याची पट्टी छातीवर आवळून बांधायची ठरली. पाठीमागे तिचा हात पोचेना. गाठ मी मारली. पोर पाळण्यात रडत होतं आणि पट्टी ओली होत होती. "घट्ट मारा, ताई," ती म्हणाली. मी घट्ट मारली.

आता वाडी नाही, तिथे बिल्डिंग आहे. सासूबाई गेल्या. मुलं मोठी झाली. मागे एकदा भारती माझ्याकडे आली होती. चहा घेताना जुनं काहीतरी निघालं आणि ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही बरोबर होता म्हनून, ताई. नाहीतर मी अडानी, तसंच पाजत राहिले असते."

मी तिला विचारलं, साखर बरोबर आहे ना.